गाडी नव्हती म्हणून

"हैद्राबादला जाऊन तुम्ही नुसत्या झोपा काढल्या म्हणे!"

तुराट्यांच्या कुडावरून मी एवढंच म्हटलं, तर अक्कांनी पिळत आणलेलं लुगडं तसंच बादलीत टाकलं.

"कोन म्हनलं? कोपऱ्यावरली काकूच म्हनली आसंल. तिची चप्पल तिरुपतीला गेली, तवापासून तिला दुसऱ्याचं काईच ग्वाड लागंना."

कूड यंदाच्याच तुरीचा आहे, त्यामुळं अजून टेकून उभं राहता येतं. येळवस झाली, तूर निघाली, ज्वारी हुरड्यात आली, की येरमाळ्यातून एखादी तरी क्रूझर दक्षिणेकडं निघतेच. यंदाच्या क्रूझरमध्ये अक्का आणि भाऊजी होते. तिरुपती, तिथून श्रीशैलम, येता येता हैद्राबाद आणि घर. बाकीची मंडळी हैद्राबादेत चारमिनारसमोर फोटो काढून त्याच रात्री उमरगा-नळदुर्ग करत परत आली. ही दोघं मात्र भाच्याच्या आग्रहानं मागं राहिली. उदगीर-लातूरकडून धाराशिवला येणाऱ्या रेल्वेला जागा नव्हती. मुक्काम वाढला. आणि त्या वाढीव मुक्कामात अक्कांनी रामोजी फिल्मसिटी पाहिली नाही, ही बातमी फोनवरून त्यांच्या आधी गावात उतरली.

"मग केलंत तरी काय?" मी विचारलं. खरं सांगायचं तर हेच विचारायला मी कुडाशी आले होते. हातातली मेथी निवडायचं निमित्त होतं.

"काय केलं म्हंजी? ऱ्हायलो की!"

आणि मग अक्का सुरू झाल्या. त्यांना मध्ये अडवण्यात अर्थ नसतो.

"आवो बाई, तिरुपतीला काय बघितलं आसं इचारलं तर मला पुढच्या बाईची पाठ आठवती. खोलीत बसवतेत, कुलूप घालतेत, सोडतेत, पुन्ना दुसऱ्या खोलीत. म्होरं गेलं की ते 'जरगंडी, जरगंडी' म्हनीत खांद्याला धरून ढकलतेत. देवाकडं मान वर करंस्तवर म्या भाईर. सोन्याचा उंबरा बघितला का, काकू इचारायली. म्या म्हनलं, उंबऱ्यावर मानसं व्हती. श्रीशैलमला तर डायवर म्हनला, अर्ध्या तासात गाडीत या. मल्लिकार्जुनाला काय सांगावं का नुसतंच घाई हाय म्हनावं?"

"शिवाजी महाराज गेले होते तिथं," मी म्हटलं. शाळेत शिकवलेलं तोंडातून निघून जातं, नोकरी संपली तरी. "१६७७ साली, कर्नाटकाच्या स्वारीला निघाले तेव्हा. त्याच्या आधी हैद्राबादेत, म्हणजे तेव्हाच्या भागानगरात, कुतुबशहाकडं सुमारे महिनाभर मुक्काम होता त्यांचा."

"बगा! म्हाराजास्नी टायम व्हता, आन् आमच्या डायवरला न्हवता."

भाच्याचं घर नवव्या मजल्यावर. भाचा आणि त्याची बायको दोघंही सकाळी माधापूरकडं कामाला निघून जायची ती अंधार पडल्यावर परत. अक्का सवयीनं पाचला उठायच्या. शेण काढायचं नाही, सडा टाकायचा नाही, पाण्याची वाट बघायची नाही. पहिल्या सकाळी म्हणे त्यांना धडधडायलाच लागलं. हात रिकामे राहिले की आपल्याकडच्या बायकांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. भाऊजींना असलं काही वाटलं नाही. ते टोपी घालून खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात जाऊन बसले.

"येका चहावर तीन तास," अक्का म्हणाल्या. "म्या शोधत गेले तर हे मालकाशी बोलायलते. आन् ती हिंदी पन आपल्यासारखीच, नक्को-बिक्को. ह्यांना वाटलं आपन परंड्यालाच हाव."

त्या चहाची करणी भाऊजींनी नंतर मला कुडाशी उभं राहून समजावली. दूध वेगळं आटवतात, चहाचं पाणी वेगळ्या भांड्यात झाकून उकळत ठेवतात, आणि कपात दोन्ही एकत्र करतात. सोबत उस्मानिया बिस्किट, गोडही आणि खारटही. शेवटचा निजाम मीर उस्मान अलीखान, त्याच्या नावावरून ते बिस्किट, असं तिथले लोक सांगतात. आपल्या जिल्ह्यालाही त्याचंच नाव होतं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं धाराशिव झालं, बिस्किटाचं काही झालं नाही. भाऊजींनी हे हॉटेलच्या मालकाला सांगितलं, तर त्यानं म्हणे आणखी दोन बिस्किटं फुकट ठेवली. त्यातलं किती खरं, भाऊजी जाणोत.

"ते ऱ्हाऊ द्या. अंबाडीचं ऐका," अक्का म्हणाल्या.

अक्कांच्या गॅलरीला लागून शेजारची गॅलरी, मध्ये हातभर जागा. पलीकडं एक बाई भाजी निवडत बसलेली. करीमनगरकडची, तेलुगू सोडून दुसरं येईना. अक्कांना मराठी सोडून दुसरं येत नाही. पण तिच्या सुपात अंबाडी होती.

"लाल देठाची! म्या म्हनलं, अंबाडी! ती म्हनली, गोंगुरा. म्या म्हनलं, अंबाडी. ती म्हनली, गोंगुरा. मंग दोघी बी हासलो."

त्या दोघींनी नंतर ज्या गप्पा मारल्या त्या कशा मारल्या हे मला अजून कळलेलं नाही. पण अक्कांनी त्या बाईच्या सुनेची सगळी माहिती आणली आहे. सून माहेरी गेली की पंधरा दिवस येत नाही, मुलगा बोलत नाही, आणि नव्या फ्रीजचा हप्ता सासऱ्याच्या पेन्शनीतून जातो. एवढं खुणांनी कसं कळतं? "कळतंय की," अक्का म्हणाल्या. "सुनंचं दुख्नं सगळ्याच भाषंत सारकं आस्तंय."

दुसऱ्या दिवशी त्या हातभर जागेतून वाटी आली. अंबाडी तेलात मऊ करून, तळलेल्या लाल मिरच्या आणि लसणासोबत कुटलेली. झणझणीत. आपण अंबाडीत तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्या घालतो, वरून लसणाची फोडणी. अक्कांनी तशी करून वाटी परत पाठवली. रिकामी वाटी परत करायची नसते, हे करीमनगरलाही ठाऊक होतं. मग ती बाई अक्कांना घेऊन रयतु बाजारात गेली.

इथं अक्कांचा आवाज चढला. रयतु बाजार म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःचा माल स्वतः विकायची जागा. तेव्हाच्या आंध्र सरकारनं १९९९ मध्ये ते सुरू केले. शेतकऱ्याजवळ ओळखपत्र असतं, आणि त्या दिवसाचे भाव फळ्यावर लिहिलेले असतात. अक्का स्वतः बाजारात भाजी विकतात. त्यांनी चारमिनार जितका वेळ पाहिला नसेल तितका वेळ तो फळा पाहिला. अक्षर वाचता येईना, आकडे येतात. वांगी किती, टोमॅटो किती, मेथीची जुडी केवढी, सगळं विचारलं. एका शेतकरिणीच्या पोत्यावर बसून तिच्या गवारीच्या शेंगा मोडून बघितल्या.

"ती म्हणाली असेल, कोण बया आलीय," मी म्हटलं.

"म्हनली आसंल. पर माझी गवार कवळी आस्ती, तिची निबर व्हती. तिला खुनंनं सांगितलं."

आता खरी गोष्ट. संध्याकाळी भाच्याच्या बायकोनं सांगितलं, आज स्वयंपाक नको, खालून जोन्ना रोट्टे आणू. अक्कांना वाटलं काहीतरी हॉटेलातलं. खाली उतरून बघतात तर रस्त्याच्या कडेला शेगडी, तिच्यावर मोठा तवा, आणि एक बाई भाकरी थापतेय. ज्वारीची! हैद्राबादेत संध्याकाळी रस्तोरस्ती अशा गाड्या लागतात. समोर रांग.

"गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेली पोरं, बाई! कानात ते घालून हुबी. येक भाकर, दोन भाकर, कागदात गुंडाळून न्यायलेत. आन् आपल्या घरातली पोरं भाकर बघितली की तोंड वाकडं करतेत, चपाती पायजे. त्येंला तितं न्हिऊन रांगंत हुबं करावं."

अक्का तिथं उभ्या राहिल्या. पहिल्यांदा नुसत्या बघत. मग त्यांना राहवेना. बाई गरम पाण्यात पीठ भिजवत होती, ते बरोबर. थापत होती पातळ, तेही ठीक. पण पलटताना घाई करत होती, पापुद्रा सुटायच्या आत काढत होती. रांग होती, बिचारी काय करणार? अक्कांनी दोन-तीन भाकरी सोसल्या आणि मग म्हणे सरळ गाडीच्या आतल्या बाजूला गेल्या.

"खरंच?"

"म्या म्हनलं, सरक. ती सरकली! येक थापली. तव्यावर टाकली, पानी फिरवलं, थांबले. रांगेतलं पोरगं घड्याळ बघायलतं, म्या त्येच्याकडं बघितलंच न्हाई. उलटली, मंग जाळावर धरली. टम्म फुगली. त्या पोट्ट्यानं तीच मागितली."

"पैसे?"

"पैसे तिनं घेतले. तिचं पीठ, तिचा तवा. मला तिनं चहा पाजला."

भाच्याच्या बायकोनं या सगळ्याचा व्हिडिओ काढला आहे. मला दाखवला. अक्का नऊवारीत, मागून मोटारींचे दिवे, आणि एक माणूस तोंड उघडं टाकून त्या भाकरीकडं पाहतोय. रामोजी फिल्मसिटीत याहून चांगला सिनेमा निघत असेल असं मला वाटत नाही.

"पण काही बघितलंच नाही असं नाही ना?" मी म्हटलं. कोपऱ्यावरच्या काकूंना काहीतरी सांगायला पाहिजे.

बघितलं. सालारजंग म्युझियम बघितलं, पण ते अक्कांच्या पद्धतीनं. हा तिसरा सालारजंग, मीर युसूफ अलीखान, सातव्या निजामाचा काही काळ दिवाण होता. नंतर ते पद सोडलं आणि उरलेलं आयुष्य वस्तू गोळा करण्यात घातलं. १९४९ मध्ये वारला. लग्न केलेलं नव्हतं. त्याच्या हवेलीत १९५१ साली म्युझियम उघडलं आणि १९६८ मध्ये आताच्या इमारतीत आलं. अक्कांना यातली एकच गोष्ट लागली.

"लगीन न्हाई, लेकरू न्हाई, आन् यवढ्या वस्तू! कपबशा बगा, तलवारी बगा, हस्तिदंताच्या खुर्च्या बगा. आसल्या घरात बाई आस्ती तर म्हनली आस्ती, हे आता भाईर काडा, पुसायचं कुनी?"

एका पुतळ्यापुढं मात्र त्या गप्प झाल्या म्हणे. इटलीच्या बेन्झोनीनं संगमरवरात घडवलेली रेबेका. तोंडावरून पदर ओढलेला, तोही दगडाचाच, आणि त्या दगडाच्या पदराआडून चेहरा दिसतो. पहिल्या सालारजंगानं ती १८७६ मध्ये रोममधून विकत आणली. "दगडातून तोंड दिसतंय, बाई. म्या हात लावायले तर राखनदार वरडला."

आणि ते घड्याळ. तिथं एक मोठं वाजतं घड्याळ आहे. तास भरायला आला की आतून एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले देतो आणि आत जातो. ते पाहायला माणसं आधीपासून जागा धरून बसतात. फिरायला आलेल्यांना एकदा बघून पुढं पळावं लागतं. अक्का अकराला बसल्या. बाराचे टोले जास्त म्हणून बारापर्यंत बसल्या. मग एकाला एकच टोला देतो की विसरतो, ते बघायला थांबल्या. भाऊजी वैतागले. म्हणाले, आपल्या घरातलं घड्याळ पण वाजतंय.

"म्या म्हनलं, आपल्या घरी ते बघायला बसायला कोन देतंय?"

निजामाच्या जुन्या हवेलीत सहाव्या निजामाचं कपड्यांचं कपाट आहे, दीडशे फुटांहून लांब. महबूब अलीखान एकदा घातलेला कपडा पुन्हा अंगाला लावत नसे, असं सांगतात. आणि त्याचाच मुलगा, आपला उस्मान अली, १९३७ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम'नं जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून ज्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं तो, जुनी टोपी वर्षानुवर्षं वापरायचा आणि लिंबाएवढा जेकब हिरा टेबलावरचे कागद दाबायला ठेवायचा. बाप तसा, लेक असा. यावर अक्का आणि मी बराच वेळ बोललो, कारण अशी एक जोडी आमच्याही गल्लीत आहे. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बिर्ला मंदिरात भाऊजींचा हात वर गेला तो तसाच हवेत राहिला. टेकडीवरचं ते पांढरंशुभ्र व्यंकटेशाचं देऊळ १९७६ मधलं. तिथं मुद्दामच घंटा ठेवलेल्या नाहीत, शांतपणे बसता यावं म्हणून. येरमाळ्याच्या माणसाला घंटेशिवाय देवाला कळवायचं कसं, हा प्रश्नच. ते दोघं मग पायरीवर बसून राहिले. खाली हुसेनसागर दिसतो, मधोमध बुद्ध. हा पुतळा १९९० मध्ये तळ्यात उभा करायला नेताना बुडाला होता, आणि १९९२ मध्ये बाहेर काढून उभा केला. भाऊजींना हे कुणी सांगितलं? इराणी हॉटेलच्या मालकानं.

"आणि स्वामीजींच्या स्मारकाला?" मला विचारल्याशिवाय राहवेना. स्वामी रामानंद तीर्थ आमच्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवत होते. मग हैद्राबाद मुक्तीच्या लढ्यात उतरले. बेगमपेठेत त्यांचं स्मारक आहे.

"हे गेल्ते येकले. माझे पाय दुखायलते. आल्यावर दोन तास काय बोलले न्हाईत. मंग म्हनले, आमचा बाप रझाकाराच्या वक्ताला रानात झोपायचा. तेवढंच."

मेथी संपली होती. मी देठं चाळत उभी राहिले.

मला आपल्या यात्रेची आठवण येत होती. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीला लाखांनी माणूस येतो. महामार्गावर गाड्यांच्या रांगा, नवस फेडले, नारळ फोडला, फोटो काढला, निघाले. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली येते, रानात माणसं चुनखडी वेचतात, आणि पालखी आमराईत जाते. तिथं देवीचा पाच दिवस मुक्काम. बाहेरगावचे बहुतेक लोक तोवर घरी पोचलेले असतात. आम्ही गावातले त्या पाच दिवसांत निवांत आमराईत जातो. रेटारेटी नाही, आंब्याखाली डबा सोडायचा, कुणाच्या पोरीचं कुठं जमलं ते ऐकायचं. लहानपणापासून माझी यात्रा तीच. अक्कांना मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "देवीलाच कळतंय थांबायचं. क्रूझरवाल्यास्नी सांगा."

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या काकू हातात ताक घेऊन आल्या. नव्या चपलेत होत्या.

"काय मंग अक्का, रामोजी न्हाई म्हनं बघितलं?"

"न्हाई बघितलं. तुमी काय काय बघितलं तितं?"

काकू जरा घुटमळल्या. क्रूझर तिथंही गेलेली नव्हती, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. "आमाला टायमच न्हवता," त्या म्हणाल्या, आणि ताक कुडावर ठेवून भाकरीचा व्हिडिओ मागायला लागल्या. तो त्यांच्याकडं आधीच पोचलेला होता. त्यांना परत बघायचा होता. दोनदा बघितला. मग म्हणाल्या, भाकर एका कडेला करपली.

अक्कांनी उत्तर दिलं नाही. मला म्हणाल्या, "ती करीमनगरची बाई हाय ना, तिला चैत्राला बोलावलंय."

"पौर्णिमेला? अहो, गर्दीत हरवेल ती. भाषा येत नाही."

"पुनवंला कशाला? पालखी आमराईत गेल्यावर. अंबाडी तवा मिळंल का न मिळंल, पर खवा आनू कुंथलगिरीचा. चार दिस ऱ्हाईल."

"तिची सून सोडेल का?"

"सुनंलाच घेऊन ये म्हनलंय. समोरासमोर ऐकून घिऊ की दोघींचं."

काकू एकदम जवळ सरकल्या. कुठली सून, काय झालं? फ्रीजच्या हप्त्यापासून पुन्हा सगळं सुरू झालं असतं, पण आतून भाऊजींची हाक आली. चहा पाहिजे. आणि पुढचं वाक्य तिघींनीही स्पष्ट ऐकलं: दूध वेगळं आटव, पाणी वेगळं.

"दोन पातेली कोन घासनार?" अक्का तिथूनच ओरडल्या. "त्या इराण्याला बोलवा!"